पीएचपी भाषेतील मजकूर-छेदन आणि देवनागरी अक्षर : दोषांचे स्वरूप व निदान

प्रस्तावना

संकेतस्थळावर मजकूर मांडताना त्याचा केवळ काही भाग उचलून दाखविण्याचा प्रसंग पदोपदी येतो. सूचनेचे शीर्षक ठरावीक जागेत बसवावयाचे असते, ओळखपत्रावर विद्यार्थ्याच्या नावाचे आद्याक्षर छापावयाचे असते, लेखाचा आरंभीचा भाग मुखपृष्ठावर घ्यावयाचा असतो. पीएचपी या संकेतस्थळ-निर्मितीच्या भाषेत या कामासाठी 'सबस्ट्र' नावाचे फंक्शन आहे. मूळ मजकूर, कोठून आरंभ करावयाचा ते स्थान आणि किती लांबीचा तुकडा घ्यावयाचा ती संख्या, अशा तीन गोष्टी त्याला दिल्या की ते हवा तो तुकडा परत करते. इंग्रजी मजकुरावर हे काम बिनतक्रार होते. तीच आज्ञावली मराठी मजकुरावर चालविली की कोठे काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते, कोठे वेलांटी गळते, तर कोठे संपूर्ण ओळच दिसेनाशी होते.

अशा वेळी दोष फाँटवर किंवा 'युनिकोडच्या अडचणी'वर ढकलण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुतः या दोषांचे मूळ मोजमापाच्या एककात आहे. पीएचपी बाइट मोजते, युनिकोड संकेतबिंदू मोजते आणि मराठी वाचक अक्षर मोजतो. कोणत्या टप्प्यावर कोणते माप वापरले गेले हे शोधणे म्हणजेच या दोषांचे निदान करणे होय. प्रस्तुत लेखात हे निदान लक्षणांच्या आधारे कसे करता येते, याचे विवेचन केले आहे.

एकच शब्द, तीन मापे

'त्र्यंबक' हे नाव उदाहरणादाखल घेता येईल. मराठी वाचकाच्या दृष्टीने यात तीन अक्षरे आहेत : त्र्यं, ब आणि क. युनिकोडमध्ये मात्र त, हलन्त-चिन्ह, र, हलन्त-चिन्ह, य, अनुस्वार, ब आणि क असे आठ स्वतंत्र संकेतबिंदू साठविले जातात. देवनागरीसाठी युनिकोडने १२८ स्थानांचा एक विभाग राखून ठेवला असून, यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिताना त्यातील प्रत्येक संकेतबिंदूस तीन बाइट लागतात. म्हणजे हेच नाव संगणकाच्या लेखी २४ बाइटचे होते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ची रचना केली, तेव्हा इंग्रजी वर्ण पूर्वीप्रमाणेच एका बाइटमध्ये राहतील अशी व्यवस्था त्यांनी ठेवली होती. त्यामुळे इंग्रजी मजकुरात तिन्ही मापे एकच येतात आणि तेथे तयार झालेल्या आज्ञावलीच्या लेखकाला आपण नेमके काय मोजत आहोत, हा प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही.

जोडाक्षर एक म्हणून मोजण्याची सवय मराठी वाचकाला नवी नाही. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे असतात असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हलन्त व्यंजने वेगळी मोजली जात नाहीत. संगणकाला हा संकेत आपोआप कळत नाही, एवढाच काय तो भेद.

पीएचपीमध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइटची एक ओळ होय. ते बाइट कोणत्या लिपीचे आहेत, याची नोंद त्या ओळीबरोबर ठेवली जात नाही. ही स्थिती बदलण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता. भाषेच्या सहाव्या आवृत्तीत युनिकोड अंतर्भूत करण्याचे योजिले होते, परंतु ते काम २०१० मध्ये सोडून देण्यात आले आणि पुढे पाचव्या आवृत्तीनंतर थेट सातवी आली. परिणामी 'सबस्ट्र' आजही बाइटच मोजते.

महाराष्ट्रातील जुन्या आज्ञावल्यांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर इस्की या १९९१ च्या भारतीय मानकानुसार किंवा निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँट-संकेतांनुसार साठविला जाई. या दोन्ही पद्धती एका बाइटच्या होत्या. इस्कीमध्ये व्यंजन, मात्रा व हलन्त यांना साधारणतः एकेक बाइट असे, तर फाँट-संकेतांत अक्षराच्या दृश्य तुकड्यांना. त्या काळात लिहिलेली छेदनाची आज्ञावली तेव्हा बरीचशी चालून जात असे. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित झाला, आज्ञावली मात्र तीच राहिली, आणि पूर्वी ६० चिन्हे देणारी मर्यादा आता २० संकेतबिंदूंवर आली. शीर्षके अचानक एक-तृतीयांश झाल्याची तक्रार असेल, तर प्रथम येथे पाहावे.

लक्षणांवरून निदान

काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह हे बाइटच्या मध्येच झालेल्या छेदाचे खात्रीचे लक्षण होय. तीन बाइटपैकी एक किंवा दोनच हाती आले, तर त्यांतून कोणतेही चिन्ह सिद्ध होत नाही, आणि ब्राउझर त्या जागी प्रतिस्थापन-चिन्ह दाखवितो. यावर एक घरगुती उपाय वारंवार केला जातो, तो म्हणजे १०० ऐवजी ९९ अशी तीनने भाग जाणारी मर्यादा देणे. हा उपाय काही शीर्षकांवर चालतो व काहींवर चालत नाही, आणि त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. 'पुणे विद्यापीठ' या शब्दांत 'पुणे'चे १२ बाइट, रिकाम्या जागेचा एक आणि 'विद्यापीठ'चे २७ असे एकूण ४० बाइट आहेत. येथे १५ बाइट घेतल्यास संख्या तीनने विभाज्य असूनही 'व'चे दोनच बाइट हाती लागतात. रिकामी जागा, विरामचिन्ह व इंग्रजी अंक यांना एकच बाइट लागत असल्याने तीनचे गणित प्रत्येक ओळीत वेगळ्या ठिकाणी बिघडते.

याहून फसवे लक्षण म्हणजे कोरी जागा. येथे छेद एका ठिकाणी होतो आणि परिणाम दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. मजकूर पानावर सुरक्षितपणे छापण्यासाठी 'एचटीएमएल-स्पेशलचार्स' हे फंक्शन वापरण्याचा प्रघात आहे. पीएचपी ५.४ पासून हे फंक्शन मजकूर यूटीएफ-८ आहे असे गृहीत धरते, आणि त्यात एकही मोडका बाइट आढळला तर संपूर्ण मजकुराऐवजी रिकामी स्ट्रिंग परत करते. पीएचपी ८.१ पासून मूलनिर्धारित वर्तन बदलले असून मोडक्या बाइटच्या जागी प्रतिस्थापन-चिन्ह घातले जाते. त्यामुळे एकच आज्ञावली जुन्या सर्व्हरवर कोरी ओळ व नव्या सर्व्हरवर प्रश्नचिन्ह दाखवू शकते. 'जेसॉन_एन्कोड'ची गत याहून वाईट आहे. यादीतील शंभर नावांपैकी एकाच नावाचा छेद चुकला, तरी मूलनिर्धारित मांडणीत संपूर्ण यादीचे रूपांतर फसते व हाती केवळ नकारार्थी मूल्य येते. अशा वेळी माहितीसाठा, जोडणी वगैरे तपासण्यात वेळ दवडण्यापेक्षा छेदन करणारी ओळ तात्पुरती काढून पाहणे श्रेयस्कर.

ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली मात्रा दिसली, तर छेद मजकुराच्या आरंभी आणि संकेतबिंदूंच्या मापाने झालेला असतो. पीएचपीत स्थानांची मोजणी शून्यापासून होते. ती एकपासून होते असे समजून 'पुणे' या शब्दाचा तुकडा स्थान एकपासून मागितला, तर 'प' मागे राहतो व उकार निराधार होतो. ऋण संख्या दिल्यास मोजणी शेवटाकडून होते. 'सोलापूर' या शब्दाचे शेवटचे तीन संकेतबिंदू मागितल्यास 'पूर' मिळते, तर शेवटचे तीन बाइट मागितल्यास नुसता 'र'.

दोन मापांची सरमिसळ हा दोष अर्धवट दुरुस्त केलेल्या आज्ञावल्यांत हमखास आढळतो. पहिला शब्द वेगळा काढण्यासाठी आधी रिकाम्या जागेचे स्थान शोधले जाते व मग तेथपर्यंतचा तुकडा घेतला जातो. 'पुणे विद्यापीठ'मध्ये हे स्थान 'स्ट्रपॉस'च्या मते १२ वे आहे, तर 'एमबी_स्ट्रपॉस'च्या मते ४ थे. शोध बाइटच्या मापाने घेतला व छेद संकेतबिंदूंच्या मापाने केला, तर 'पुणे' ऐवजी 'पुणे विद्याप' असा तुकडा मिळतो. उलट केल्यास 'प' आणि एक मोडका बाइट. शोध, लांबी व छेद ही तिन्ही कामे एकाच कुळातील फंक्शनांनी केली पाहिजेत.

याच ठिकाणी लिपीशी संबंध नसलेला एक दोषही दडलेला असतो. शोधलेले चिन्ह मजकुरात नसेल, तर 'स्ट्रपॉस' नकारार्थी मूल्य देते. ते लांबी म्हणून पुढे गेल्यास शून्य समजले जाते आणि एकशब्दी नावे रिकामी होतात. चिन्ह अगदी आरंभी असेल तर उत्तर खरोखरच शून्य येते. ही दोन उत्तरे वेगळी ओळखण्यासाठी मूल्याबरोबर प्रकारही तपासणारी तीन बरोबर-चिन्हांची तुलना करावी लागते.

जुन्या माहितीसाठ्यांत कधीकधी मराठी मजकूर अंकी संकेतांच्या रूपात आढळतो. पानाची लिपी-पद्धत युनिकोड नसताना अर्ज भरला गेला, की ब्राउझर 'प' या अक्षराऐवजी '&#२३४६;' अशी सात चिन्हे (त्यांतील अंक इंग्रजी) पाठवितो. तो मजकूर छेदल्यास पानावर अंकांचे अवशेष दिसतात. असे संकेत आधी उलगडून, मग छेद करून, शेवटी सुरक्षित छपाईचे फंक्शन लावणे हाच क्रम योग्य ठरतो.

संकेतबिंदूंचे छेदन पुरेसे आहे काय

'एमबी_सबस्ट्र' हे फंक्शन बाइटऐवजी संकेतबिंदू मोजते. बहुतेक मार्गदर्शनांत येथेच प्रश्न सुटल्याचे मानले जाते. पीएचपी ५.६ पूर्वीच्या आवृत्त्यांत लिपी-पद्धत स्पष्टपणे न सांगितल्यास हे फंक्शन एकबाइटी पाश्चात्त्य पद्धत गृहीत धरी, आणि निकाल 'सबस्ट्र'सारखाच येई. २०१४ च्या ५.६ आवृत्तीपासून यूटीएफ-८ मूलनिर्धारित झाली. फंक्शन बदलूनही काहीच फरक पडला नाही, या तक्रारीचे उत्तर जुन्या सर्व्हरवर येथे सापडते.

परंतु प्रश्न सुटला असे म्हणणे मराठीपुरते धाडसाचे आहे. 'एमबी_सबस्ट्र'ने केलेला छेद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, प्रश्नचिन्ह दिसत नाही, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. 'शिक्षक' या शब्दाचे पहिले तीन संकेतबिंदू घेतले तर 'शिक' असे आज्ञार्थी क्रियापद हाती येते. 'कार्यक्रम' या शब्दाचे तीन घेतले तर 'कार' उरते. रफार म्हणून पुढील अक्षरावर बसणारा र् एकदम पूर्ण र होऊन समोर येतो. यंत्राच्या लेखी हे दोन्ही तुकडे शुद्ध आहेत.

हा भेद सर्वाधिक जाणवतो तो आद्याक्षरांत. इंग्रजीत नावाचे पहिले लिपिचिन्ह घेऊन त्यापुढे पूर्णविराम देतात. मराठी संकेत वेगळा आहे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे 'पु. ल.' होतात, चिंतामण त्र्यंबक खानोलकर हे 'चिं. त्र्यं.' होतात. म्हणजे मराठी आद्याक्षर मात्रा, अनुस्वार व संपूर्ण जोडाक्षर यांसह घेतले जाते. 'एमबी_सबस्ट्र'ने पहिले चिन्ह मागितल्यास हीच नावे 'प. ल.' आणि 'च. त.' अशी होतील. ज्ञानेश्वर 'ज.' होतील आणि क्षमा 'क.' होईल. ओळखपत्रावर असे आद्याक्षर छापले गेले, तर ते त्या व्यक्तीचे राहत नाही. कमला आणि क्षमा या दोघींना एकच खूण मिळते.

अक्षराच्या अधिक जवळ जाणारे माप पीएचपी ५.३ पासून 'इंटल' या जोड-विभागात उपलब्ध आहे. त्यातील 'ग्राफीम_सबस्ट्र' हे फंक्शन युनिकोडच्या दृश्य-अक्षरसमूहांच्या नियमांनुसार छेद करते. 'चिंतामण'चा पहिला समूह त्यानुसार 'चिं' असाच मिळतो. जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र हे नियम दीर्घकाळ अपुरे होते. हलन्त-चिन्ह मागील व्यंजनास जोडले जाई, पण त्यापुढे समूह तुटत असे. म्हणून 'त्र्यंबक'चा पहिला समूह 'त्' एवढाच निघे. २०२३ मधील युनिकोड १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि हलन्ताने जोडलेली व्यंजने एकाच समूहात राहू लागली. 'इंटल' विभाग हे नियम आयसीयू या ग्रंथालयाकडून घेतो. साहजिकच, पीएचपीची आवृत्ती एक असूनही सर्व्हरवरील आयसीयू जुने असेल तर 'त्' आणि नवे असेल तर 'त्र्यं' असा निकाल येऊ शकतो. विकसकाच्या संगणकावर बरोबर चालणारे काम प्रत्यक्ष सर्व्हरवर चुकण्यामागे हे एक कारण असते, आणि आज्ञावली कितीही वाचली तरी ते सापडत नाही.

नवे आयसीयू उपलब्ध नसेल तेथे नमुना-शोधाचा आधार घ्यावा लागतो. व्यंजन, त्यापुढे हलन्त-चिन्ह, पुन्हा व्यंजन, असा जोड हवा तितक्या वेळा. शेवटी असल्यास एक मात्रा आणि अनुस्वार, चंद्रबिंदू वा विसर्ग. किंवा व्यंजनाऐवजी स्वर : एवढ्या वर्णनाने मराठीतील नेहमीची अक्षरे ओळखता येतात. नमुन्याला यूटीएफ-८ची खूण जोडण्यास मात्र विसरू नये, नाहीतर शोध पुन्हा बाइटवर येतो.

मराठीची खास अशी दोन स्थळे या नमुन्यात वेगळी हाताळावी लागतात. 'आचाऱ्यास' व 'आचार्यास' यांतील फरक प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असतो. पहिला स्वयंपाकी, दुसरा गुरू. यातील पहिल्या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे साठविला गेलेला आढळतो. एका प्रकारात ऱ हा स्वतंत्र संकेतबिंदू असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त-चिन्ह आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. मजकूर स्वच्छ करण्याच्या नावाखाली अदृश्य चिन्हे काढून टाकणारी ओळ छेदनापूर्वी लिहिलेली असेल, तर दुसऱ्या प्रकारातील आचाऱ्याचा आचार्य होतो. दुसरे स्थळ 'ॲ'चे. या वर्णास २००८ मधील युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले, परंतु अ व चंद्र मिळून लिहिण्याची जुनी रीतही चालू राहिली. त्यामुळे 'ॲप' हा शब्द कोठे दोन संकेतबिंदूंचा, तर कोठे तीन संकेतबिंदूंचा भरतो, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया या दोहोंना एक करीत नाही.

वाक्याच्या शेवटी येणारा नकार

अक्षर शाबूत राखले, इतकेच नव्हे तर शब्दही अर्धा तोडला नाही, तरी एक धोका उरतो व तो मराठी वाक्यरचनेतून येतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी असतो. 'सोमवारची परीक्षा पुढे ढकलण्यात येणार नाही' ही सूचना घ्यावी. रिकाम्या जागांसह तिच्यात ४१ संकेतबिंदू आहेत. शीर्षकाची मर्यादा ४० असेल आणि छेद अखेरच्या पूर्ण शब्दावर करण्याची दक्षता घेतली असेल, तर पानावर 'सोमवारची परीक्षा पुढे ढकलण्यात येणार' असे दिसते. आज्ञावलीत कोणताही दोष नाही, अक्षर तुटलेले नाही, आणि सूचनेचा अर्थ उलटा झालेला आहे. सोमवारी सकाळी परीक्षेस न आलेल्या विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही.

यावर किमान उपाय म्हणजे छेद झाल्याची खूण, अर्थात तीन टिंबे, अनिवार्यपणे छापणे. अधिक चांगला उपाय म्हणजे सूचनांची शीर्षके सर्व्हरवर छेदूच नयेत. मजकूर केवळ जागेत बसवावयाचा असेल, तर ते काम ब्राउझरवर सोपविता येते. सीएसएसमधील 'टेक्स्ट-ओव्हरफ्लो' हा गुणधर्म उपलब्ध रुंदीनुसार ओळ आखडती घेऊन टिंबे स्वतःच दाखवितो, आणि पूर्ण मजकूर पानात राहत असल्याने तो वाचकाला उपलब्ध करून देता येतो. पीएचपीतील छेदनाची निम्मी कामे तरी अशी आहेत, की ती मुळात पीएचपीत करण्याची आवश्यकता नव्हती.

अक्षर हेच एकमेव योग्य माप, असेही मानू नये. मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा इंग्रजीत १६० चिन्हांची, तर मराठीत ७० चिन्हांची असते, आणि तेथे मात्रा व हलन्त स्वतंत्रपणे मोजले जातात. संदेश एकात बसतो की दोनांत जातो, याचा हिशेब करताना संकेतबिंदूंचेच माप घ्यावे लागते. तोडण्याचे स्थान मात्र त्या मर्यादेच्या अलीकडील अक्षराच्या किंवा शब्दाच्या सीमेवर असावे.

साठविलेल्या माहितीतील हानी

छेद केवळ दाखविताना झाला असेल, तर आज्ञावली सुधारताच मजकूर पूर्ववत दिसतो. तो साठविताना झाला असेल, तर गेलेला भाग परत येत नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या मांडणीत स्तंभाच्या मर्यादेहून लांब मजकूर केवळ इशारा देऊन छाटला जाई, ५.७ या आवृत्तीपासून अशी नोंद मूलतः नाकारली जाते. या नकाराला कंटाळून साठविण्यापूर्वी 'सबस्ट्र' लावण्याचा मार्ग काही ठिकाणी पत्करलेला दिसतो. हा मार्ग टाळावा आणि स्तंभच रुंद करावा. नाव पूर्ण साठवावे, आद्याक्षर दाखविताना काढावे.

जुन्या नोंदी तपासताना बाइटच्या मापाने झालेली हानी शोधणे तुलनेने सोपे असते. 'एमबी_चेक_एन्कोडिंग' हे फंक्शन प्रत्येक नोंदीवर चालविले की मोडक्या बाइटच्या नोंदी वेगळ्या काढता येतात. संकेतबिंदूंच्या मापाने झालेली हानी मात्र या चाळणीतून निसटते. हलन्त-चिन्हाने संपणारी नावे व स्तंभाच्या कमाल लांबीइतकीच भरणाऱ्या नोंदी संशयित म्हणून बाजूला काढता येतील. 'क्षमा'च्या जागी साठविलेला 'क' मात्र कोणत्याही तपासणीत शुद्धच ठरतो, आणि तो कोणाचा आहे हे प्रवेश-नोंदवहीतील मूळ नावाशी ताडून पाहिल्यावरच कळते.